मीटर सांगतो बेचाळीस हजार

(दृश्य: म्हापशाच्या वेशीवर जुन्या गाड्यांचं दुकान. पावसाची भुरभुर. कॅमेरा एका पांढऱ्या गाडीच्या काचेवर.)

काचेवर चिकटवलेला कागद म्हणतो: सिंगल ओनर, ४२,००० किलोमीटर, स्ट्राँग हायब्रिड. गाडी धुऊन-पुसून चकाचक. हायब्रिड म्हणजे पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर, दोन्ही असलेली; स्ट्राँग म्हणजे नुसत्या मोटरवरही थोडी धावणारी. सीटना नवी कव्हरं, स्टिअरिंगलाही नवं कव्हर. डिचोलीचे एक शिक्षक गाडीभोवती दुसरी फेरी मारतायत. सोबत आणलेला मेकॅनिक मात्र जागचा हललेला नाही. तो स्टिअरिंगचं कव्हर बोटाने उचलून खालचं चामडं बघतोय. बेचाळीस हजारांत स्टिअरिंग झाकायची वेळ सहसा येत नाही.

उत्तरेच्या पत्रादेवीपासून दक्षिणेच्या पोळेपर्यंत गोवा हायवेने दीडशे किलोमीटरही भरत नाही. एवढ्याशा राज्यात गाडी धावून धावून किती धावणार, असं बाहेरच्याला वाटतं. पण उत्तरेच्या मोपा विमानतळावर उतरलेलं गिऱ्हाईक दक्षिणेच्या काणकोणला सोडून परत यायचं म्हटलं, की दोनशेच्या घरात आकडा जातो. हंगामात हे रोजचं. रेंट-अ-कॅबची, म्हणजे स्वतः चालवायला भाड्याने मिळणाऱ्या गाडीची, काळी पाटी आणि त्यावरची पिवळी अक्षरं निदान लांबून ओळखू येतात. पांढऱ्या पाटीच्या खाजगी गाड्या चोरून भाड्याने फिरतात, त्यांचं काय? कागदोपत्री ती घरची गाडी. विकायला निघते तेव्हाही घरचीच.

आणि आरसी बुकात किलोमीटरला रकानाच नाही. किती हात बदलले ते कळतं, किती धावली ते नाही.

(दृश्य: गॅरेजमध्ये उघडलेला डॅशबोर्ड, जवळून.)

पूर्वी मीटरला केबल असायची. ती सोडवून आकडे उलटे फिरवत. आता आकडा असतो पॅनेलच्या आतल्या एका मेमरी चिपमध्ये. काही गाड्यांत पॅनेल काढून चिप वाचावी लागते, काहींत स्टिअरिंगखालच्या पोर्टला उपकरण जोडलं की भागतं. घासल्याची, उघडल्याची खूण राहत नाही. म्हणून जाणकार गिऱ्हाईक आकड्यापेक्षा झीज बघतं. पेडलचं रबर, ब्रेकपॅड, इंजिनचा आवाज.

हायब्रिडमध्ये नेमकी ही झीजच फसवते.

"पॅड तर नव्यासारखे दिसतात हो," शिक्षक म्हणतात.

"हायब्रिडचे दिसणारच, सर. अर्धा ब्रेक मोटर मारते."

खरं आहे. वेग कमी करताना मोटर उलट जनित्रासारखी चालते आणि वीज बॅटरीत परत पाठवते. पॅडला त्रास कमी, म्हणून ते टिकतात. गर्दीत बराच वेळ इंजिन बंद असतं, त्यामुळे इंजिनही किलोमीटरच्या मानाने कमी झिजतं. साध्या पेट्रोल गाडीवर तयार झालेली नजर इथे लाखभर चाललेली गाडीही चाळीस हजारांची ठरवू शकते. मीटर मागे घेणाऱ्याला आणखी काय हवं!

ह्या गाड्या आता कुठे जुन्या बाजारात यायला लागल्यात. टोयोटाची प्रियस २०१० मध्ये आणि कॅमरी हायब्रिड २०१३ मध्ये भारतात आली, पण त्या मोजक्यांच्या दारात. मध्यमवर्गापर्यंत स्ट्राँग हायब्रिड पोहोचली २०२२ मध्ये, होंडा सिटी, टोयोटा हायरायडर आणि मारुती ग्रँड विटारा यांच्यासोबत. ह्यांच्या मोठ्या बॅटरीला कंपन्यांची हमी आहे आठ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर, जे आधी होईल ते. म्हणजे मीटरमधून लाखभर पुसले, की किंमत तर वाढतेच, वर संपत आलेली हमीही शिल्लक असल्याचा भास होतो. भास अशासाठी, की अधिकृत सर्व्हिसला गाडी गेली त्या प्रत्येक वेळचा आकडा कंपनीच्या संगणकात असतो. बॅटरी बदलायला गेल्यावर तो समोर येतो, आणि भुर्दंड पडतो नव्या मालकाला.

(दृश्य: मेकॅनिक स्कॅनर जोडतो. पडद्यावर आकडे.)

मेकॅनिकने स्कॅनर जोडलाय. तो बघतोय एक साधी नोंद: फॉल्ट कोड, म्हणजे गाडीच्या संगणकाने टिपलेले बिघाड, शेवटचे पुसले त्यानंतर गाडी किती किलोमीटर चालली. पडद्यावर ६१,३००. म्हणजे कोड पुसल्यापासून एकसष्ट हजार, आणि जन्मापासून बेचाळीस? ही नोंद ६५,५३५ पर्यंतच मोजते, त्यापुढचं तिला कळत नाही, पण इथे एवढं पुरे. ती जवळजवळ शून्य दिसली, तर कोड नुकतेच पुसलेत. का पुसले, ते विचारायचं.

विकणाऱ्याचं उत्तर तयार आहे. "पॅनेल खराब झालेलं, बदललं."

आता हे धडधडीत खोटं म्हणता येत नाही, आणि घोळ इथेच आहे. हायब्रिडची पॅनेलं खरोखर बिघडतात. अमेरिकेत २००४ ते २००९ च्या प्रियसमध्ये वेग आणि किलोमीटर दाखवणारं पॅनेल चालता चालता काळं पडायचं. गाडी धावत राहायची, पण पॉवरचं बटन दाबूनही कधी कधी बंद होत नसे. मूळ दुखणं पॅनेलच्या सर्किटवरचा एक किरकोळ कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा छोटा सुटा भाग. हाताला सोल्डरिंगची सवय असलेल्यांनी तेवढाच बदलला, आणि आकडा जसाच्या तसा राहिला. पूर्ण पॅनेल बदललं तर जुना आकडा नव्यात भरावा लागतो. तो प्रामाणिकपणे भरला की नाही, हे फक्त बिल सांगतं. बिलावर जुनं आणि नवं रीडिंग नसेल, तर "पॅनेल बदललं" ह्या वाक्याला काडीची किंमत नाही.

गोव्यात आणखी एक भानगड. मालक बोटीवर किंवा आखातात, गाडी सहा-सहा महिने शेडमध्ये. हायब्रिडमध्ये मोठ्या बॅटरीशिवाय एक साधी बारा व्होल्टचीही असते. संगणक जागे करणं आणि मोठीचा रिले (विजेवर चालणारा स्विच) जोडणं हे तिचं काम. ती उतरली, की पॅनेलवर सगळे दिवे दिवाळीसारखे लागतात, नाहीतर काहीच लागत नाही. त्यात समुद्राची खारी हवा, कनेक्टरवर हिरवट थर. आधी ही बॅटरी तपासावी, कनेक्टर साफ करावेत. थेट पॅनेल बदलायला सांगणाऱ्याकडून दुसरीकडे जावं. मागच्या सीटजवळ बॅटरीच्या हवेची जाळी असेल, तर तिथेही बोट फिरवून बघा. किनाऱ्यावरची वाळू निघाली, तर "घरच्या गाडी"ने पर्यटक किती वाहिले, याचा थोडा अंदाज येतो.

(दृश्य: दुकानाच्या टेबलावर कागद.)

जुन्या गाड्यांच्या डीलरांसाठी केंद्राचे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. डीलरने आरटीओकडून अधिकारपत्र घ्यायचं आणि ताब्यातल्या गाडीच्या प्रत्येक फेरीची नोंद मायलेजसकट ठेवायची. ते पत्र आधी बघायला मागा. सौदा ठरला तर पावतीवर मीटरचा आकडा आणि "हा आकडा खरा आहे" एवढं वाक्य, सही-शिक्क्यासह. पुढे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीची तक्रार करा, किंवा डीलरविरुद्ध दोन वर्षांच्या आत ग्राहक आयोगात जा, हाती हाच कागद लागतो.

शिक्षकांनी ते वाक्य लिहून मागितलं. विकणारा हसून म्हणाला, "सर, असं कोणी लिहून देत नाही." मेकॅनिकने स्कॅनरची वायर गुंडाळली.