दिवाळीत पश्चिमेला, जूनमध्ये पूर्वेला

नमस्कार श्रोतेहो.

थायलंडची तिकिटं काढलेली मंडळी मला हमखास विचारतात, "पाण्याखालचं बघायचंय, कुठं जाऊ?" मी उलट विचारते, "जाताय कधी?" काहींना वाटतं, ही उत्तर टाळतेय. टाळत नाही हो. या देशाला दोन समुद्र आहेत आणि ते पाळीपाळीनं शांत होतात. एकाचं दार उघडं असतं तेव्हा बऱ्याचदा दुसऱ्यानं कडी लावलेली असते.

नकाशा डोळ्यांपुढे आणा. थाई लोक म्हणतात, आमचा देश हत्तीच्या डोक्यासारखा दिसतो. त्या हत्तीची सोंड खाली मलेशियापर्यंत लोंबते. सोंडेच्या पश्चिमेला अंदमानचा समुद्र, म्हणजे आपल्या पोर्ट ब्लेअरच्या, आताच्या श्री विजयपुरमच्या, पूर्वेचा तोच. पूर्वेला थायलंडचं आखात. क्रा नावाच्या जागी ही सोंड इतकी निमुळती होते, की या किनाऱ्यापासून त्या किनाऱ्यापर्यंत जेमतेम ४४ किलोमीटर. आणि मधून डोंगरांच्या रांगा.

आता यात वारा येतो. मे महिन्याच्या मध्याला नैर्ऋत्य मोसमी वारा अंदमानच्या समुद्रावर पोचतो आणि थायलंडचा पश्चिम किनारा झोडपायला लागतो. हाच मोसमी पाऊस जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात आपल्या कोकणात उतरतो. आपल्याकडे १ जूनपासून मासेमारी बंद होते, होड्या वर ओढल्या जातात, आणि रीतीप्रमाणे नारळी पौर्णिमेपर्यंत दर्याच्या वाटेला सहसा कुणी जात नाही. तिकडे सिमिलान आणि सुरिन ही बेटांची राष्ट्रीय उद्यानं मेच्या मध्याला बंद होतात, ती थेट ऑक्टोबरच्या मध्याला उघडतात. कोळीवाड्यातल्या माणसाला हे काही वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

पण त्याच पावसाळ्यात पूर्वेच्या आखातात काय असतं? डोंगरांचा आडोसा. जून ते सप्टेंबर कोह ताओ, कोह फांगन, कोह सामुई या बेटांभोवती अधूनमधून सरी येतात, पण समुद्र बराचसा निवांत असतो. ऑक्टोबरनंतर वारा फिरतो. चेन्नईला पाऊस पाडणारा जो ईशान्येचा वारा, तोच इथे आखातावरून पाणी उचलतो आणि याच बेटांवर ओततो. नोव्हेंबर तर तिथला सगळ्यात वाईट महिना. पाणी गढूळ, लाटा, फेऱ्या रद्द.

आता आपल्या सुट्ट्या बघा. मराठी माणूस बाहेर पडतो तो दिवाळीत किंवा मे महिन्यात. दिवाळीत आखाताच्या बाजूला हॉटेलं स्वस्त मिळतात, आणि ती का स्वस्त असतात हे तिथं पोचल्यावर कळतं. दिवाळीला पश्चिमेला जा. फुकेत, खाओ लाक, क्राबी. दार नुकतंच उघडलेलं असतं, गर्दी कमी असते. मेच्या पहिल्या आठवड्यात अजूनही पश्चिम चालते. त्यानंतर मात्र पूर्व धरा. फेब्रुवारी-मार्च-एप्रिलमध्ये जमलं तर दोन्हीकडे हवा चांगली, पण तेव्हा आपल्याकडे परीक्षा असतात, त्याला इलाज नाही.

हा नुसता सोयी-गैरसोयीचा मामला नाही. ५ जुलै २०१८ रोजी, म्हणजे ऐन पावसाळ्यात, खराब हवामानाचा इशारा असताना फुकेतहून निघालेली फीनिक्स नावाची पर्यटकांची बोट वादळात उलटली. ४७ माणसं गेली. फुकेतमध्ये जुलै-ऑगस्टलाही कुणीतरी तुम्हाला सहल विकायला उभा असतोच. काही दिवशी समुद्र खरोखर शांत असतो, नाही असं नाही. पण बोटवाला 'आज नको' म्हणाला, तर त्याच्याशी हुज्जत घालू नका, आणि दुसरा बोटवाला तर मुळीच शोधू नका.

आता एक कडू गोष्ट. आपल्या टूरवाल्यांच्या बहुतेक पॅकेजमध्ये पट्टाया असतं, आणि तिथून 'कोरल आयलंड', म्हणजे कोह लान. नावावर जाऊ नका. पट्टाया आखाताच्या वरच्या टोकाला आहे. बँकॉकची चाओ फ्राया आणि तिच्या सोबतीच्या नद्या आपला सगळा गाळ तिथंच आणून ओततात. पॅराशूटला लटकायला, वाळूत बसून नारळपाणी प्यायला जागा छान आहे. पण पट्टायाला डोकं पाण्यात घालून 'थायलंडच्या समुद्रात काही नाही' म्हणणारे मला भेटलेत, म्हणून सांगते.

दोन्ही समुद्रांचा स्वभावही वेगळा. आखात उथळ आहे. सरासरी खोली पन्नासेक मीटर, सगळ्यात खोल जागीही शंभर नाही. त्यामुळे तिथं शिकणाऱ्यांची सोय होते. कोह ताओ हे जेमतेम एकवीस चौरस किलोमीटरचं बेट, पण जगात स्कूबाची, म्हणजे पाठीवर हवेची टाकी लावून डुबकी मारण्याची, सर्वाधिक प्रमाणपत्रं जिथं दिली जातात त्या मोजक्या जागांपैकी एक. गल्लीबोळात सिलिंडर भरण्याच्या कॉम्प्रेसरची घरघर चालू असते. बेटाजवळ साधारण तीस मीटरवर 'सट्टाकुट' नावाचं जहाज बसलंय. दुसऱ्या महायुद्धातलं अमेरिकन जहाज; पुढे थाई नौदलाकडे आलं आणि माशांना घर व्हावं म्हणून २०११ साली मुद्दाम बुडवलं. कोह ताओ आणि कोह फांगनच्या मधे सेल रॉक नावाचा खडक समुद्रातून एकटाच डोकं वर काढून उभा आहे. त्याच्या पोटात धुराड्यासारखी उभी पोकळी आहे. साधारण अठरा मीटरवर आत शिरायचं आणि अंधारातून वर वर येत पाच-सहा मीटरवर उजेडात बाहेर पडायचं. आत माणूस सरळ उभा राहील एवढीच जागा. पाठीवरची टाकी खडकाला ठण्णकन लागते तो आवाज पाण्याखाली फार मोठा वाटतो.

अंदमानची बाजू खोल. किनाऱ्यापासून पुढे गेलं की तळ हजार मीटरच्याही खाली जातो, आणि खोलातलं थंड, अन्नानं भरलेलं पाणी वर येत राहतं. सिमिलान बेटांच्या पूर्व अंगाला प्रवाळांचे सौम्य उतार आहेत, तिथं नवख्यांनी जावं. पश्चिम अंगाला घराएवढे ग्रॅनाइटचे धोंडे एकमेकांवर रचल्यासारखे पडलेत आणि त्यांच्या फटींतून प्रवाह खेचत असतो. सुरिनच्या जवळ रिशेल्यू रॉक आहे. घोड्याच्या नालेच्या आकाराचा खडक, जांभळ्या मऊ प्रवाळांनी लगडलेला. तिथं व्हेल शार्क, म्हणजे जगातला सगळ्यात मोठा मासा, येतो. येतो म्हणजे, येऊ शकतो. साधारण फेब्रुवारी ते मे. मजा अशी, की व्हेल शार्क ज्या सूक्ष्म जीवांच्या मागे येतो त्यांच्यामुळेच पाणी धूसर होतं. निवळशंख पाणीही हवं आणि व्हेल शार्कही हवा, असा हट्ट धरणाऱ्याला दोन्हींपैकी एकच मिळतं.

सुरिन बेटांवर मोकेन नावाचे समुद्रावर जगणारे लोक राहतात. त्यांच्या मुलांबद्दल सांगितल्याशिवाय पुढं जाववत नाही. पाण्यात उघड्या डोळ्यांनी आपल्याला सगळं पुसट दिसतं. बुबुळाचा जो बाक हवेत प्रकाश वळवतो तो पाण्यात जवळजवळ निकामी होतो. मोकेन मुलं मात्र मास्क न लावता तळातले छोटे शिंपले टिपून आणतात. स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठाच्या आना गिस्लेन यांनी ती मुलं तपासली आणि २००३ साली निष्कर्ष छापला: या मुलांना पाण्याखाली युरोपीय मुलांच्या दुपटीहून जास्त स्पष्ट दिसतं. पाण्यात गेल्यावर ती डोळ्याची बाहुली अगदी बारीक करतात. पुढे युरोपीय मुलांकडून सराव करून घेतला, तर त्यांनाही ते जमलं. २६ डिसेंबर २००४ ला समुद्र अचानक मागे हटला, तेव्हा हेच लोक पूर्वजांच्या गोष्टीतली लाट ओळखून डोंगरावर पळाले. घरं सगळी वाहून गेली, पण माणसं जवळजवळ सगळी वाचली.

आपले डोळे तसे नाहीत, म्हणून आपल्याला मास्क लागतो. मास्क म्हणजे डोळ्यांपुढे धरून ठेवलेली हवा, दुसरं काही नाही. त्यातून वस्तू खरी असते त्यापेक्षा सुमारे एक तृतीयांशानं मोठी दिसते. वर येऊन 'केवढा मोठा मासा' म्हणणाऱ्याचं म्हणणं त्या हिशेबानं ऐकावं. पुरुष मंडळींसाठी एक सूचना: भरघोस मिशी असेल तर मास्कची कड चेहऱ्याला घट्ट बसत नाही आणि पाणी आत झिरपत राहतं. नाकाखाली बारीकशी पट्टी भादरली की काम होतं. मिशी प्यारी असेल तर अधूनमधून नाकातून फुंकर मारून पाणी बाहेर काढायला शिका. काचेवर वाफ धरू नये म्हणून आत थुंकी चोळून विसळतात. ऐकायला कसंतरी वाटतं, पण फुकटातला तेवढा चांगला उपाय दुसरा नाही. चष्मेवाल्यांनी नंबरचा मास्क आधीच मागून ठेवावा, बऱ्याच ठिकाणी मिळतो.

स्नॉर्केलिंग की स्कूबा? माझं मत विचाराल तर पहिल्या खेपेला स्नॉर्केलिंग, म्हणजे तोंडात नळी धरून पाण्यावर तरंगत खाली बघणं. प्रवाळाचा सगळ्यात रंगीत भाग वरच्या पाच-सहा मीटरमध्येच असतो, कारण खाली जाता जाता पाणी आधी लाल रंग गिळतं, मग नारिंगी. वर तरंगतानाच निम्मा तमाशा फुकटात दिसतो. पोहता येत नसेल तरी जीवरक्षक जाकीट घालून हे जमतं. फक्त घाईघाईनं पाय मारू नका, आणि प्रवाळावर उभं राहू नका. तो दगड नसतो, जिवंत असतो. तुमच्या तळपायालाही तो सोडत नाही.

स्कूबात दोनच गोष्टी मनावर कोरून घ्यायच्या. एक, श्वास कधीही रोखायचा नाही. दहा मीटर खाली दाब पृष्ठभागापेक्षा दुप्पट असतो. तिथं छातीभर घेतलेली हवा श्वास रोखून तशीच वर आणली तर ती फुगून दुप्पट व्हायला बघते, आणि फुप्फुसं काही रबरी नाहीत. दुसरी, कान. पहिल्या दोन-तीन मीटरांतच कानात दडे बसतात. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकर मारायची, कान सुटले की पुढं. सुटले नाहीत तर थोडं वर यायचं. मालवणला गाइडच्या हाताला धरून खाली गेलेल्यांना याची ओळख असेल. थायलंडमध्येही तशी चाचणी डुबकी मिळते, बारा मीटरपर्यंत. कोर्स केलात तर तीन-चार दिवस लागतात आणि अठरा मीटरपर्यंत जाता येतं. त्याला दोनशे मीटर पोहता यावं लागतं. दमा, हृदयविकार असेल तर फॉर्मवर सरळ 'हो' लिहा आणि डॉक्टरला आधी विचारा. फॉर्ममध्ये लपवलेला दमा पाण्यात लपत नाही.

शार्कची भीती बाळगणाऱ्यांना मी ट्रिगरफिशबद्दल सांगते. टायटन ट्रिगरफिश, कोह ताओभोवती बक्कळ. हातभर लांब, पिवळट-हिरवट, आणि प्रवाळ फोडायचे दात. एरवी आपल्या नादात असतो. पण वाळूत घरटं करून अंडी राखायला बसला, की त्या घरट्यावरचं सगळं पाणी तो स्वतःचं मानतो. खाली निमुळतं आणि वर रुंद होत जाणारं. घाबरून माणूस वर जायला बघतो, म्हणजे त्याच्या हद्दीत आणखी आत शिरतो. पाठीवरचा काटा ताठ उभा राहिला की समजायचं, चिडलाय. तेव्हा पायात घातलेले फिन, म्हणजे पोहायचे रबरी पंख, त्याच्याकडे करायचे, आणि आडवं पोहत निघून जायचं. माझ्या एका फिनच्या टोकाला अजून त्याच्या दातांची खूण आहे.

थायलंडनं गेल्या काही वर्षांत नियम कडक केलेत, आणि मला ते आवडतं. माया बे हा फी फी बेटांतला प्रसिद्ध किनारा गर्दीनं पार दमला होता. २०१८ च्या जूनमध्ये तो बंद केला तो २०२२ च्या जानेवारीतच उघडला. मधल्या काळात काळ्या टोकाच्या पंखांचे छोटे शार्क उथळ पाण्यात परत आले. आता तिथं पोहायला बंदी आहे. ऑगस्ट २०२१ पासून राष्ट्रीय उद्यानांत प्रवाळाला घातक असलेली रसायनं असणारं सनस्क्रीन चालत नाही. दंड एक लाख बाथपर्यंत. सोपा मार्ग म्हणजे लांब बाह्यांचा पोहण्याचा शर्ट, क्रीमची कटकटच नाही. आणि माशांना पाव टाकू नका. बोटीवरच्या कुणी तुमच्या हातात पाव दिला तरी नाही. उद्यानात त्यालाही बंदी आहे.

शेवटचं, तुमच्या कार्यक्रमपत्रिकेबद्दल. टाकी लावून डुबक्या मारल्यावर लगेच विमानात बसता येत नाही. अंगात मुरलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो, आणि विमानातल्या कमी दाबात त्याचे बुडबुडे होऊ शकतात. एकच डुबकी असेल तर निदान बारा तास, अनेक असतील तर अठरा, आणि शक्य असेल तर पूर्ण दिवस. आपल्याकडे सहलीची रीत अशी, की आधी बँकॉक, मग समुद्र, आणि समुद्रावरूनच परतीचं विमान. हे उलटं करा. आल्या आल्या समुद्र गाठा, डुबक्या उरकून घ्या, मग बँकॉकला जाऊन दोन दिवस खरेदी करा. स्नॉर्केलिंगला हा नियम नाही. सकाळी पोहून दुपारी विमान पकडलंत तरी चालेल. नमस्कार.