सावंतवाडीची बाजारपेठ : मोती तलावापासून चितारआळीपर्यंत

मुंबईहून गोव्याकडे जाणारा महामार्ग आता सावंतवाडी शहरात शिरत नाही. झारापहून तो बाहेरच्या बाहेर पत्रादेवीकडे निघून जातो, आणि कोकण रेल्वेचे स्थानकही शहराबाहेर मळगावला आहे. त्यामुळे या गावात वाट चुकून कोणी येत नाही. यायचे ठरवूनच यावे लागते. तरीही बहुतेक पर्यटक गोव्याला जाता-जाता तासाभरासाठी गाडी आत वळवतात, पहिल्या दिसेल त्या दुकानातून लाकडी फळांची परडी घेतात आणि पुढे निघतात. सावंतवाडीचा बाजार एवढ्या घाईत कळत नाही. तो घड्याळापेक्षा पंचांगावर अधिक चालतो, आणि त्यातल्या सर्वांत चांगल्या वस्तू दुकानाच्या दर्शनी भागापेक्षा मागच्या पडवीत पाहाव्या लागतात.

समोर दिसतो आहे तो मोती तलाव. १८७४ साली संस्थानाच्या काळात बांधून काढलेल्या या तलावाच्या एका काठाला भोसल्यांचा राजवाडा आहे आणि दुसऱ्या काठाला बाजारपेठ. सुंदरवाडी हे या गावाचे जुने नाव. १९४८ साली संस्थान विलीन झाले, पुढे १ मे १९८१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातून सिंधुदुर्ग वेगळा झाला आणि मुख्यालय ओरोसला गेले. पण दोडामार्गापासून आंबोलीपर्यंतच्या खेड्यांचा बाजार मात्र सावंतवाडीलाच राहिला. राजधानीच्या गावाला जे कारागीर लागतात, ते येथे आधीपासून होते. सोनार, चितारी, शिंपी, कासार अशा व्यवसायांच्या आळ्या आणि वाडे तलावाच्या मागच्या बाजूला पसरले. आजही येथे पत्ता सांगताना रस्त्याच्या क्रमांकाऐवजी वाड्याचे किंवा आळीचे नावच सांगितले जाते.

पाहुण्याने शक्य असल्यास मंगळवारी यावे. मंगळवार हा सावंतवाडीच्या आठवडा बाजाराचा दिवस. सकाळच्या पहिल्या एस.टी. गाड्यांतून आसपासच्या गावांतल्या बायका हारे, पिशव्या आणि गोणपाटात बांधलेली ओझी घेऊन उतरतात, आणि ऊन चढायच्या आत रस्त्याच्या कडेला त्यांची जागा पक्की झालेली असते. येथे भाजीच्या दोन जाती मानल्या जातात. एक आंबोली घाटातून बेळगाव आणि घाटमाथ्याकडून उतरणारी. ती ट्रकने येते, वजनावर विकली जाते आणि रोजच मिळते. दुसरी गावठी, ती परसातली असते, तिचे वाटे घातलेले असतात किंवा जुड्या बांधलेल्या असतात, आणि ती संपली की संपली. लाल माठ, वाली, अळू, शेवग्याच्या शेंगा, सुरण, पावसाळ्यात तवशी (मोठी गावठी काकडी) आणि चिबूड, उन्हाळ्याच्या तोंडावर ओले काजूगर. काजूगर सोलणाऱ्या बाईच्या बोटांकडे क्षणभर पाहावे. ओल्या काजूच्या सालातला चीक कातडी जाळतो, म्हणून ती हाताला राख किंवा तेल लावते, तरीही नखांच्या कडा काळवंडलेल्या असतात. काजूगरांचा भाव ऐकून चमकणाऱ्या गिऱ्हाइकाने तो भाव या बोटांशी ताडून पाहिला पाहिजे.

घासाघीस चालते, परंतु तिची एक रीत आहे. "वायच कमी करा," असे गिऱ्हाईक म्हणते. "कमी जावचा नाय, वर दोन घालतंय," असे उत्तर येते, आणि खरोखरच वाट्यावर दोन फळे वाढीव पडतात. पैसे कमी करण्याऐवजी माल वाढवून देणे हे येथे दोघांनाही सन्मानाचे वाटते. याच्या पलीकडे ताणू नये. कुळीथ, नाचणी, उकडे तांदूळ, पोहे, आमसुले, तिरफळे असा कोरडा माल घेऊन बसणाऱ्या म्हाताऱ्या तर बहुधा घरचेच विकत असतात, आणि आमसूल कोणत्या वर्षाचे आहे हे विचारले तर खरे सांगतात. नव्या आमसुलाचा रंग काळसर लाल असतो, ते हाताला मऊ आणि किंचित ओलसर लागते. कडक, फिकट पडलेले आमसूल जुने समजावे. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. वेंगुर्ल्याच्या काजूलाही ते मिळालेले आहे.

सावंतवाडीला समुद्र नाही. मासळी वेंगुर्ले आणि मालवणच्या बाजूने येते, म्हणून ती घेण्याची वेळ गाडीच्या वेळेवर ठरते आणि जाणकार गिऱ्हाईक आधी बाजारात चौकशी करून मगच पिशवी काढते. बांगडा आणि तारली येथल्या रोजच्या जेवणातली, सुरमई पाहुण्यांसाठी. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते, त्या काळात ताज्या मासळीचे पाट ओस पडतात आणि शेजारी सुक्या मासळीला तेज येते. सुके बांगडे, सोडे आणि मालवणीत ज्याला गोलमो म्हणतात तो बारीक जवळा यांचा वास पावसाच्या दमट हवेत लांबवर येतो. ज्यांना तो सहन होत नाही त्यांनी मंडईच्या दुसऱ्या बाजूने जावे. नाकाला रुमाल लावून मधूनच चालत जाणे विक्रेत्यांना अपमानाचे वाटते, आणि त्यांचे बरोबर आहे.

वर्षातून दोनदा हा बाजार ओसंडून वाहतो. पहिली वेळ मे महिन्याची, अगोटीच्या खरेदीची. पाऊस लागला की चार महिने दारापर्यंत काय येईल याचा भरवसा नसे, त्या काळापासूनची ही सवय रस्ते आणि शीतकपाटे आल्यावरही मोडलेली नाही. मिठाची पोती, कांदे, सुकी मासळी, पापड आणि मिरच्या यांची उचल होते. बेडगी आणि संकेश्वरी मिरची, धणे आणि खडा मसाला उन्हात वाळवून कांडपाला जातो, आणि कांडपाच्या गिरणीपाशी उभ्या असलेल्या प्रत्येकाला शिंका येत असतात. त्याच दिवसांत हापूस, फणस, रतांबे (कोकमाची फळे), जांभळे आणि करवंदे एकत्र येत असल्याने पाहुण्याला हा महिना सर्वांत सोयीचा वाटेल. उकाडा मात्र सोसावा लागेल.

दुसरी वेळ गणेशचतुर्थीच्या आधीच्या दोन-चार दिवसांची. मुंबईतले चाकरमानी गावी उतरलेले असतात आणि सगळ्यांना एकाच वेळी माटवीचे सामान हवे असते. माटवी म्हणजे गणपतीच्या वर छताला टांगलेली लाकडी चौकट. तिला रानातली आणि परसातली फळे, फुले, पाने बांधून ती भरतात. या दिवसांत बाजारात अशा वस्तू विकायला येतात, ज्यांना उरलेल्या वर्षात कोणी किंमत देत नाही. केशरी रंगाची कवंडळे, तिरफळांचे घोस, ओल्या सुपारीची शिपटी, हरण नावाची पिवळी रानफुले, तेरडा, आंब्याचे टाळ (डहाळ्या), देठासकट तवशी. कवंडळ खात नाहीत. ते केवळ त्याच्या रंगासाठी घेतात. हे विकणारे सारे जण रानात जाऊन माल गोळा करून आणणारे असतात आणि चतुर्थीच्या सकाळनंतर त्यांचा माल कोणी फुकटही नेणार नाही, म्हणून आदल्या संध्याकाळी भाव कोसळतात. ज्याला कोकणातल्या वनस्पती ओळखायला शिकायचे आहे त्याने ही संध्याकाळ चुकवू नये, कारण विकणारी बाई प्रत्येक पानाचे नाव सांगते.

आता चितारआळीकडे. लाकडी खेळण्यांची दुकाने येथे ओळीने आहेत आणि सगळ्यांच्या दारात तीच रंगीत परडी मांडलेली दिसते : आंबा, केळे, सीताफळ, अननस, काजूचे बोंड, वांगे, कारले. एक गोष्ट स्पष्टपणे सांगायला हवी. या दुकानांत येथे घडवलेला माल असतो तसा बाहेरून आणलेला मालही असतो, आणि स्वस्त, चकचकीत, यंत्रावर एकसारखी उतरलेली खेळणी ही बहुधा दुसऱ्या प्रकारातली असतात. दुकानदाराला सरळ विचारावे. तो लपवत नाही. येथल्या हातच्या फळात दोन आंबे तंतोतंत सारखे नसतात, त्याचे लाकूड हलके असते, आणि रंगाची छटा देठापासून टोकापर्यंत उतरत गेलेली असते.

हे हलके लाकूड पांगाऱ्याचे. वसंतात लालभडक फुलणारे, अंगावर काटे असलेले आणि मिरवेलीला आधार म्हणून बागेत लावले जाणारे हे झाड इमारतीच्या कामाचे नाही. परंतु ते मऊ असल्याने पटाशीखाली सहज कोरले जाते. कोरलेल्या फळाच्या भेगा लाकडाचा भुसा आणि चिंचोक्याची खळ यांच्या लगद्याने भरतात, त्यावर खडूचा हात देतात, घासतात आणि मग रंगवतात. कारल्याच्या अंगावरचे उंचवटे किंवा सीताफळाचे डोळे हे हातानेच उठवावे लागतात, म्हणून कारागिराची पारख करायची तर आंब्यापेक्षा सीताफळ उचलून पाहावे.

पोळपाट, लाटणी, भोवरे, पाळण्यावरची चिमणी-पोपटांची खेळणी आणि भातुकलीची भांडी यांचे काम वेगळे; ते चरकावर, म्हणजे लाकूड फिरवून कातण्याच्या यंत्रावर होते. एखाद्या दुकानदाराने मागच्या पडवीत यायची परवानगी दिली, तर हे पाहायला मिळते. चरकावर लाकडाचा तुकडा गरगर फिरत असतो. कारागीर रंगीत लाखेची कांडी त्यावर टेकवतो. घर्षणाने लाख तापून वितळते आणि फिरत्या लाकडावर तिचा पट्टा चढतो. पट्टा आधी खरबरीत, ठिपक्याठिपक्यांचा असतो. मग कारागीर केवड्याचे एक पान घडी करून त्यावर दाबून धरतो, पान एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरकवतो, आणि पानाच्या मागोमाग लाख सपाट होऊन तिच्यात खिडकीचा उजेड दिसू लागतो. चरक आता विजेवर फिरतो. केवड्याच्या पानाला मात्र अजून पर्याय सापडलेला नाही. लग्नाच्या रुखवतासाठी आणि मुंजीसाठी रंगवलेले पाट व चौरंग येथे मागणीप्रमाणे करून मिळतात. त्यावर नावे घालायची असतील तर काही दिवस आधी सांगावे लागते.

चितारआळीचे दुसरे काम आता राजवाड्यात पाहावे लागते. गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते, ही कला जवळजवळ संपलेली असताना १९७०च्या दशकात राजेसाहेब शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी उरलेल्या वृद्ध चिताऱ्यांकडून ती शिकून घेतली आणि राजवाड्यातच काम सुरू केले. दरबाराच्या दालनात आजही कारागीर बैठ्या मेजांवर वाकून बारीक कुंचल्याने पत्ते रंगवताना दिसतात. दशावतारी गंजिफेत १२० पत्ते असतात. दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक ते दहा अशी १२ पाने. वामनाच्या पानांवर कमंडलू, परशुरामाच्या पानांवर परशू, मत्स्याच्या पानांवर मासे मोजावेत आणि किंमत ओळखावी. राजा-प्रधानांखालच्या पानांत पाच रंगांत दश्शी मोठी आणि उरलेल्या पाचांत एक्का मोठा, यामुळे नवख्याचा पहिला डाव हमखास फसतो. दिवसा खेळायला बसले तर ज्याच्याकडे राम त्याची उतारी, रात्री ज्याच्याकडे कृष्ण त्याची.

संपूर्ण संच महाग असतो, कारण त्यातले प्रत्येक पान स्वतंत्र चित्र असते. त्यासाठी आधी मागणी नोंदवावी लागते. सुटी पाने, शुभेच्छापत्रे आणि लहान पेट्या लगेच मिळू शकतात. राजवाडा संध्याकाळी उघडा मिळेल असे गृहीत धरू नये, आणि पेठेतली बरीच दुकाने दुपारच्या जेवणानंतर दारे ओढून घेतात ती ऊन उतरल्यावरच उघडतात. म्हणून सकाळी बाजार, मग राजवाडा, दुपारी उकड्या तांदळाचा भात, माशाची आमटी आणि सोलकढी असे जेवण, आणि चितारआळी चारनंतर, असा क्रम सोयीचा पडतो. खाजे (गुळाच्या पाकात घोळवलेला खाऊ) आणि काजू घ्यायचे ते सर्वांत शेवटी, एस.टी. स्थानकाकडे परतताना घ्यावेत. लाकडी फळे मात्र पिशवीत त्यांच्या खाली ठेवू नयेत, गुळाच्या पाकाचा डाग रंगावरून निघत नाही.