माळ राखणाऱ्या संस्थेचा नवा प्रमुख

श्रोतेहो, नमस्कार. टेकड्या, माळरानं, देवराया राखणाऱ्या आपल्या पुण्यातल्या कितीतरी संस्था एखाद्या माणसाच्या तळमळीवर उभ्या राहिल्या. तो माणूस थकला की विश्वस्तांपुढे प्रश्न येतो, आता संस्था कोणाच्या हाती द्यायची?

पदव्या बघाव्यात, निधी उभा करता येतो का तेही बघावं. पण माझा आग्रह आहे, मुलाखतीची एक फेरी बारामती तालुक्यातल्या सुप्याच्या बाजूच्या माळावर घ्या. तीही वैशाखात. श्रावणात माळ सगळ्यांनाच आवडतो. गवत करपलेलं, जमीन उघडी पडलेली असताना उमेदवार काय बोलतो ते ऐका. ‘इथे काहीच नाही, झाडं लावू या’ असं म्हणाला, तर पुढे जाऊ नका. जिथे त्याला काहीच दिसलं नाही, तिथेच चिंकारा चरतो, लांडगा पिल्लं वाढवतो, धाविक पक्षी उघड्या जमिनीवर अंडी घालतो. झाडांची दाटी झाली की यांची जागा जाते. आपल्याच टेकड्यांवर हिरवाईच्या नावाखाली गिरिपुष्प हे परदेशी झाड लावलं गेलं. त्याच्या दाट सावलीत इथलं गवत मागे हटलं.

माळावर धनगर भेटतील. त्यांच्याशी तो कसा बोलतो हे मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. कुंपण घातलं तर मेंढरांची पिढ्यान्‌पिढ्यांची वाट अडेल का, हे त्याला स्वतःहून विचारावंसं वाटलं पाहिजे.

कागदही कळायला हवेत. संस्था काही शेतकरी नसते, त्यामुळे शेतजमीन विकत घ्यायची तर कुळकायद्याच्या कलम 63 चा अडसर येतो आणि परवानगीसाठी जिल्हाधिकारी कार्यालय गाठावं लागतं. सार्वजनिक न्यासाच्या नावावर चढलेली जमीन विकायची तर 1950 च्या विश्वस्त कायद्यानुसार धर्मादाय आयुक्तांची पूर्वमंजुरी लागते. सातबारा आणि फेरफार नीट वाचणारा माणूस हवा. निदान तलाठ्याशेजारी बसून शिकायची तयारी हवी.

आणि विश्वस्तांनो, पगाराचा आकडा जाहिरातीतच छापा. ‘सेवाभावी’ म्हणत तुटपुंज्या मानधनावर बोलावलं, तर घर चालवायची जबाबदारी असलेली कर्तबगार मुलं-मुली अर्जच करणार नाहीत.

संस्थापकांनाही हात जोडून सांगते, नव्या माणसाला गावोगावी स्वतः घेऊन जा, सरपंचांशी, धनगरवाड्यांशी ओळख करून द्या. मग खर्चाचे आणि सहीचे अधिकारही द्या. प्रत्येक धनादेश तुमच्याकडेच येत राहिला, तर गावकरीही निर्णयासाठी तुमच्याच दारी येतील. अधिकार कोणत्या तारखेपासून द्यायचे, हे नेमणुकीच्या ठरावातच लिहून ठेवा.