सहा जणांचा संघ आणि शाळेचा पट

नमस्कार, श्रोतेहो.

आज मी तुमच्याशी बोलणार आहे टेक्सासमधल्या अगदी लहान शाळांच्या फुटबॉलबद्दल. हा अमेरिकन फुटबॉल. लंबगोल चेंडू छातीशी धरून पळायचं आणि समोरच्यानं अंगावर येऊन पाडायचं, असा धसमुसळा खेळ. त्यात एरवी एका बाजूला अकरा जण लागतात. पण नववी ते बारावी मिळून जेमतेम साठ मुलंमुली असलेल्या शाळेनं अकरा धडधाकट खेळाडू आणायचे कुठून? त्यातला एखादा जायबंदी झाला तर त्याच्या जागी उतरवायचं कुणाला?

या अडचणीवर तोडगा निघाला नेब्रास्का राज्यात, 1934 साली. मंदीचा काळ होता, गावं रोडावत होती. चेस्टर गावातल्या स्टीफन एप्लर नावाच्या तरुण शिक्षकानं सहा जणांचा फुटबॉल आखला. 26 सप्टेंबर 1934 रोजी हेब्रन इथे पहिला सामना झाला. चार छोट्या शाळांनी दोन-दोन मिळून संघ केले होते आणि सामना 19-19 असा बरोबरीत सुटला. मैदान 80 यार्ड लांब, 40 यार्ड रुंद. म्हणजे नेहमीपेक्षा लहान. सहाही जणांना पास झेलायची मुभा. चेंडू आपल्याच संघाकडे राहावा म्हणून चार प्रयत्नांत 10 ऐवजी 15 यार्ड पुढे सरकायचं. टचडाउन म्हणजे चेंडू समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडे नेणं. त्यानंतर जादा गुणांसाठी चेंडू लाथाडून खांबांमधून घातला तर दोन गुण आणि पळत किंवा पासनं नेला तर एक, म्हणजे अकरा जणांच्या खेळाच्या नेमकं उलट, कारण पुढे अडवायला माणसंच कमी असताना किक मारणं फार कठीण. आणि मध्यंतराला किंवा त्यानंतर एका संघाची आघाडी 45 गुणांची झाली, की सामना तिथेच थांबतो. मला हा नियम फार आवडतो. हरणाऱ्या पोरांना उगाच तुडवत बसायचं नाही.

आता पटाचं गणित. टेक्सासमध्ये शालेय स्पर्धा चालवते ती युनिव्हर्सिटी इंटरस्कोलॅस्टिक लीग. 1910 पासूनची जुनी संस्था आहे. ती दर दोन वर्षांनी प्रत्येक शाळेचा पट मागवते आणि शाळांचे सहा वर्ग पाडते, वन-ए पासून सिक्स-ए पर्यंत. 2024 ते 2026 या दोन वर्षांसाठी सगळ्यांत वरच्या वर्गाची किमान मर्यादा होती 2,275 विद्यार्थी. सगळ्यांत खालच्या वर्गाची कमाल मर्यादा 104.9. हो, दशांशासकट! सहा जणांचा फुटबॉल खेळतात त्या या वन-ए शाळा. त्यांचेही पटावरून दोन विभाग होतात आणि ती रेघ साठाच्या आसपास पडते.

दोन हजारांच्या शाळेत चार मुलं आली-गेली तर कुणाच्या लक्षातही येत नाही. साठाच्या रेघेवरच्या शाळेत मात्र एखाद्या रँचवरचं कुटुंब बिऱ्हाड हलवतं, दोन मुलं पटावरून कमी होतात आणि शाळेचा विभाग बदलू शकतो. मग पुढची दोन वर्षं प्रतिस्पर्धी वेगळे, प्रवास वेगळा, प्ले-ऑफची, म्हणजे बाद फेऱ्यांची वाट वेगळी. आपल्याकडे महाराष्ट्रात वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांचं पुढे काय होणार, ही धास्ती पालक-शिक्षकांनी अनुभवली आहे. त्यामुळे हजेरीपटावरचं एकेक नाव गावाला किती मोलाचं असतं, हे तुम्हाला मी निराळं सांगायला नको.

शिवाय नाव पटावर असलं म्हणून मुलगा शुक्रवारच्या सामन्याला मैदानात उतरेलच असंही नाही. टेक्सासमध्ये 1984 पासून कायदा आहे, ‘नो पास, नो प्ले’. विषयात नापास झालात, तर ठरावीक काळ खेळायचं नाही. मोठमोठ्या शाळांनाही याचा फटका बसलाय. 1988 साली डॅलसच्या कार्टर हायस्कूलनं राज्य अजिंक्यपद मिळवलं. एका खेळाडूच्या बीजगणिताच्या गुणांवरून वाद कोर्टात गेला आणि पुढे ते विजेतेपद काढून घेतलं गेलं. मग ज्या संघात एकूण आठच पोरं आहेत, तिथल्या गणिताच्या मास्तरांवर चाचणी तपासताना केवढं दडपण येत असेल! त्यातून अशा शाळांत एकाच माणसाकडे चार कामं असतात. वर्गात शिकवणारा, संघाला तयार करणारा आणि सामन्याला बस हाकत नेणारा एकच, असंही असतं.

पट ठरला, विभाग ठरला. पुढे नकाशा येतो. वन-एच्या प्रत्येक विभागाचे 16 डिस्ट्रिक्ट पाडतात, शेजारशेजारच्या शाळा एकत्र घेऊन. शेजार म्हणजे टेक्सासचा शेजार. पश्चिमेकडे मार्फा, सिएरा ब्लँका या भागात पुढच्या शाळेपर्यंत जायला तास-दीड तास सहज मोडतो. प्रत्येक डिस्ट्रिक्टमधून पहिले दोन संघ प्ले-ऑफमध्ये जातात. सोळा दुणे बत्तीस, पाच फेऱ्या, एक विजेता. वरच्या वर्गांत मात्र डिस्ट्रिक्टमागे चार संघ जातात, त्यामुळे हंगामात एखाददुसराच सामना जिंकलेला संघही कधीकधी पुढे सरकतो. लहान शाळांना ती सवलत नाही.

माझं मत विचाराल, तर पटावरून वर्ग पाडणं योग्यच आहे. साठ मुलांच्या शाळेनं दोन हजारांच्या शाळेशी झुंजायचं, हा अन्यायच झाला असता. माझा आक्षेप पुढच्या पायरीवर आहे. पट मोजताना दशांशापर्यंत काटेकोर राहायचं आणि संघाचं बळ मात्र नकाशावर सोडून द्यायचं, हे मला पटत नाही. एका डिस्ट्रिक्टमध्ये राज्यातले तीन तगडे संघ एकत्र येतात. त्यातला तिसरा घरी बसतो. शंभर मैलांवरच्या दुसऱ्या डिस्ट्रिक्टमधला दुबळा संघ केवळ दुसरा आला म्हणून पुढे जातो. घरी बसलेल्यांत बारावीची मुलं असतात. त्यांना पुढचा हंगाम नाही.

डिस्ट्रिक्टच्या क्रमवारीत संघांची बरोबरी झाली तर काय, हे डिस्ट्रिक्टमधल्या शाळांचे अधीक्षक मिळून ठरवतात. परस्परांतले सामने बघतात, गुणफरक बघतात आणि तरीही सुटलं नाही, तर नाणं उडवतात. ऐकून आश्चर्य वाटेल, पण 1988 साली पश्चिम टेक्सासमध्ये ओडेसाची पर्मियन, मिडलँड ली आणि मिडलँड हाय या तीन मोठ्या शाळा बरोबरीत आल्या. जागा दोनच होत्या. ट्रकवाले थांबतात अशा एका ठिकाणी, गर्दी होऊ नये म्हणून ते ठिकाण गुप्त ठेवून, तीन प्रशिक्षकांनी नाणी उडवली. मिडलँड हाय बाहेर पडली.

दुसऱ्या रीती नाहीत असं नाही. इलिनॉय राज्यात बरीच वर्षं उलटा क्रम होता. आधी विजयांवरून 256 संघ निवडायचे. विजय सारखे असले तर ज्या प्रतिस्पर्ध्यांशी खेळलात, त्यांनी किती सामने जिंकले याचे गुण मोजायचे. निवड झाली, की मग त्या 256 शाळा पटाप्रमाणे ओळीनं लावून बत्तीस-बत्तीसचे आठ वर्ग करायचे. यात कडक प्रतिस्पर्ध्यांशी खेळलेल्या संघाचं चीज होतं. टेक्सासच्या अंतरांत हे जसंच्या तसं बसणार नाही, हे मी मान्य करतो. लहान शाळेची बस आठवड्याच्या मधल्या रात्री दोनशे मैल हाकणं कुणाच्याच हिताचं नाही आणि जवळच्या शाळांशी खेळण्यात पैसा नि झोप दोन्ही वाचतात. पण बत्तीसपैकी चार जागा तरी अशा तिसऱ्या आलेल्या संघांसाठी राखून ठेवाव्यात, असं मला मनापासून वाटतं. त्यासाठी कुणाला एक मैलही जादा प्रवास करावा लागणार नाही. नियमित सामने तेच राहतील, फक्त निवडताना अख्ख्या राज्याची गुणतालिका समोर ठेवावी लागेल.

आता थोडं वेळापत्रकाबद्दल. नवी वर्गवारी ज्या पटावर होते, तो पट विषम वर्षाच्या ऑक्टोबरअखेरच्या एका शुक्रवारी मोजतात. 2023 मध्ये तो दिवस होता 27 ऑक्टोबर. आणि शुक्रवार म्हणजे फुटबॉलचा वार. डिस्ट्रिक्टमधले शेवटचे, सगळ्यांत महत्त्वाचे सामने याच सुमाराला असतात. सकाळी कार्यालयात पटावरची नावं मोजली जातात आणि संध्याकाळी त्यातलेच सहा जण पहिल्या दोनांत येण्यासाठी मैदानात उतरतात. डिसेंबरमध्ये विजेता ठरतो. फेब्रुवारीच्या सुरुवातीला नवे डिस्ट्रिक्ट जाहीर होतात आणि त्याच दिवशी प्रशिक्षक फोन हातात घेऊन पुढच्या दोन वर्षांचे सामने ठरवायला लागतात.

धन्यवाद. नमस्कार.