टोरंटो, १९ जानेवारी १९७१: एका मैफलीची टेप कशी ऐकायची

मंडळी, आत्ता ऐकवलेल्या तुकड्यात माणूस एकच आहे. पियानो त्याचा, आवाजही त्याचाच. गाण्यात कॅनडाला परत जाण्याची ओळ येते आणि गाणं चालू असतानाच सभागृहात टाळ्या उसळतात. गाणारा नील यंग, वय पंचवीस, जन्म टोरंटोचा. सभागृहही टोरंटोचंच, १८९४ साली उघडलेला मॅसी हॉल. अमेरिकेत नाव कमावून पोरगा घरी आलाय आणि गावाला त्याचा अभिमान वाटतोय. हे सांगायला निवेदक लागत नाही, टाळ्या कुठे पडल्या तेवढं ऐकलं की पुरे.

१९ जानेवारी १९७१ला मॅसी हॉलमध्ये त्याचे दोन कार्यक्रम झाले. सोबत बँड नाही. पाठीच्या दुखण्यामुळे जड इलेक्ट्रिक गिटार गळ्यात अडकवून उभं राहणं त्याला कठीण होतं, म्हणून खुर्चीत बसून अकूस्टिक गिटार आणि पियानो. त्याचा निर्माता डेव्हिड ब्रिग्ज याने ते ध्वनिमुद्रण केलं. यंगच्या पुढच्या अल्बमच्या, ‘हार्वेस्ट’च्या, जागी हेच बाजारात आणावं, असा ब्रिग्जचा आग्रह होता. यंगने ऐकलं नाही. ‘हार्वेस्ट’ फेब्रुवारी १९७२मध्ये आला आणि मॅसी हॉलच्या टेप कपाटात राहिल्या. प्रकाशन झालं मार्च २००७मध्ये, छत्तीस वर्षांनी. ब्रिग्ज १९९५मध्येच गेला होता. त्याचं म्हणणं बरोबर होतं, असं मला ठामपणे वाटतं, आणि यंगनेही पुढे तसं मान्य केलं.

या टेपचं मोल गाणी जुनी आहेत यात नाही, त्या रात्री ती नवीन होती यात आहे. ‘हार्ट ऑफ गोल्ड’ इथे स्वतंत्र गाणंही नाही. ‘अ मॅन नीड्स अ मेड’ पियानोवर चालू असतं आणि त्यातूनच ते उगवतं, ना माउथ ऑर्गन, ना ढोल. फेब्रुवारीत नॅशव्हिलला ते वेगळं ध्वनिमुद्रित झालं, लिंडा रॉनस्टॅड आणि जेम्स टेलर यांचे आवाज मागे आले आणि पुढच्या वर्षी ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. जोडीच्या गाण्याला लंडनचा अख्खा वाद्यवृंद मिळाला. मॅसी हॉलमधल्या श्रोत्यांना यातलं काहीच ठाऊक नाही. म्हणून आज जगाला पाठ असलेल्या त्या सुरावटीला ओळखीची एकही टाळी पडत नाही. लोक फक्त ऐकतायत. ती शांतता म्हणजे पुरावा आहे, आणि ती टेपवरून डिजिटल फाइलमध्ये उतरवताना जपावी लागते. आजचं बोलणं मुख्यतः त्या जपण्याबद्दल.

आधी टेपकडे बघू. व्यावसायिक ध्वनिमुद्रणात टेप सेकंदाला ३८ सेंटिमीटर, म्हणजे १५ इंच, या वेगाने पळते. साडेदहा इंची स्पूलवर २५०० फूट टेप बसते, ती या वेगाला साधारण ३३ मिनिटं पुरते. म्हणजे सव्वा तासाच्या मैफलीला तीन स्पूल लागतात. मशीन एकच असेल तर दोनदा स्पूल बदलावं लागतं आणि गायक त्यासाठी थांबत नाही. जुन्या मैफलींत एखादं गाणं मध्येच तुटतं त्याचं बहुधा हेच कारण. दोन मशीन असतील तर पहिलं संपायच्या आत दुसरं सुरू करतात. मग दोन्ही स्पूलवर आलेला सामाईक भाग जुळवून जोड द्यायचा, आणि तो टाळ्यांत द्यायचा, तारेच्या नादात कधीच नाही.

स्पूल हातात आलं की लगेच मशीनवर चढवायचं नाही. आधी ते दिव्यासमोर आडवं धरा. गुंडाळलेल्या थरांतून उजेड झिरपला तर टेप ॲसिटेटची. थर काळे दिसले तर पॉलिएस्टरची. मग वास घ्या. ॲसिटेट सडू लागली की सिरक्यासारखा आंबट वास येतो आणि टेप वाकडी होते, कडा लहरतात, मशीनच्या टेप वाचणाऱ्या भागाला, म्हणजे हेडला, नीट टेकत नाही. ही परीक्षा चुकली तर पुढचा उपाय जिवावर बेततो. सत्तरीच्या मध्यानंतरच्या अनेक पॉलिएस्टर टेपचा बाइंडर, म्हणजे चुंबकी कण टेपला चिकटवून ठेवणारा लेप, हवेतला ओलावा पितो आणि चिकट होतो. वाजवताना टेप किंचाळते, हेडवर तपकिरी मळ साचतो. अशी टेप ५० ते ५५ अंश सेल्सिअसला आठ तास किंवा त्याहून जास्त सुकवली की काही आठवडे वाजण्याजोगी होते, तेवढ्यात काम उरकायचं. पण ॲसिटेट टेप चुकूनही तापवायची नाही, ती कायमची जाते. तापवणं हा सरसकट इलाज समजून टेप गमावलेली माणसं आहेत, म्हणून हे मुद्दाम ठासून सांगतोय. आपल्याकडे कोकणपट्टीत आणि मुंबईत पावसाळ्याची बुरशी हा आणखी एक शत्रू. बुरशी लागलेलं स्पूल वाजवलं तर ती मशीनवर पसरते आणि तिथून पुढच्या स्पूलवर जाते. ते आधी वेगळं ठेवून साफ करायचं.

जुने जोडही तपासा. चिकटपट्टीचा गोंद वाळलेला असतो, जोड पहिल्याच फेरीत सुटतो. म्हणून टेप सावकाश, वाजवण्याच्या वेगानेच एकदा पुढे-मागे गुंडाळून घ्यावी.

याचा दुसराही फायदा आहे. वर्षानुवर्षं गुंडाळून ठेवलेल्या टेपमध्ये एका थराचं चुंबकत्व शेजारच्या थरावर उमटतं. अकूस्टिक मैफलीत हे सगळ्यात उघडं पडतं, कारण इथे शांतता पुष्कळ असते. पूर्ण शांततेत गायकाचा पहिला शब्द येण्याआधीच त्याचा पुसट प्रतिध्वनी ऐकू येतो. भूत आधी आणि माणूस मागून! हा दोष किती सेकंद आधी ऐकू येतो त्यावरून आवाज स्पूलच्या कोणत्या भागात आहे तेही कळतं. बाहेरच्या वेढ्याची लांबी साधारण ८० सेंटिमीटर, म्हणजे सुमारे दोन सेकंद आधी. आतल्या वेढ्यात हे अंतर सेकंदाच्या आसपास येतं. टेप शेवट बाहेर ठेवून साठवली तर प्रतिध्वनीचा जोर मूळ आवाजाच्या मागे जातो आणि त्यात झाकला जातो. उतरवण्याआधी दोन-तीनदा गुंडाळलं तर तो काहीसा फिकाही होतो. आवाज साफ करायच्या सॉफ्टवेअरच्या आधी करायचा हा फुकटचा उपाय, आणि तोच लोक विसरतात.

आता वेग. टेप एक टक्का हळू वाजली तर सूर सुमारे सतरा सेंट उतरतो. अर्ध्या सुराचे शंभर सेंट धरा, म्हणजे काळी एक आणि पांढरी दोन यांमधल्या अंतराचा सहावा हिस्सा. गिटारवरून हे कळत नाही, कारण गायक तारा हव्या त्या पट्टीत लावतो. ‘ओहायो’ या गाण्यासाठी यंग खालची आणि वरची तार दोन्ही एक सूर उतरवून षड्जासारख्या घुमणाऱ्या ‘डी’वर आणतो. पण पियानो सभागृहाचा असतो आणि ट्यूनरने लावलेला असतो, म्हणून पियानोची गाणी वेगाची खूण देतात. आपल्या घरगुती बैठकींच्या स्पूललाही हीच कसोटी लावा. तंबोरा काही सांगत नाही, पेटी सांगते. आणि पियानो, पेटी दोन्ही नसतील तर वीजपुरवठ्याची टेपवर उतरलेली घुंई शोधा. टोरंटोत वीज ६० हर्ट्झची. टेपवर ती ५९.४ला सापडली तर टेप एक टक्का मागे आहे. आपल्याकडे ५०. म्हणून उतरवताना घुंई कापून टाकू नका, ती घड्याळ आहे.

हेडचा कोन प्रत्येक स्पूलसाठी पुन्हा जुळवा. दोन्ही चॅनेल एकत्र करून मोनोमध्ये ऐकत स्क्रू हळूहळू फिरवायचा. तारेवर नख घासल्याचा चरचरीत आवाज जिथे सर्वांत लख्ख होतो तिथे थांबायचं. या कोनात चूक राहिली तर वरचा नाद उतरवलेल्या फाइलमध्ये कायमचा बोथट होतो. नंतर इक्वलायझरने ट्रेबल वाढवून फक्त खरखर वाढते. उतरवायचं ९६ किलोहर्ट्झ आणि २४ बिटला, आवाजाची शिखरं डिजिटल कमाल मर्यादेच्या, म्हणजे शून्याच्या, सहा डेसिबल खाली राहतील असं, आणि कसलाही फिल्टर न लावता. ही फाइल मूळ प्रत, तिच्यावर पुन्हा हात ठेवायचा नाही. सगळी दुरुस्ती प्रतीच्या प्रतीवर.

दुरुस्तीत सगळ्यात मोठी चूक खरखर काढताना होते. सॉफ्टवेअरला खरखर आणि टाळ्या यांतला फरक सहज कळत नाही, कारण दोन्हींत सगळ्या कंपनसंख्या एकदम असतात. जोरात चालवलं की टाळ्या पाण्याखालून आल्यासारख्या होतात आणि गिटारच्या विरत्या नादाला चकाकणारी किणकिण लागते. तीन-चार डेसिबल खरखर कमी करावी आणि हात आखडावा. कान दोन मिनिटांत खरखर विसरतो, पण किणकिण विसरत नाही.

मिश्रण अनेक ट्रॅकचं असेल तर गळतीचा हिशेब आलाच. गायकाच्या तोंडासमोर एक माइक, गिटारसमोर एक, पण गळ्याचा आवाज दोन्हींत शिरतो. गळ्यापासून दोन माइकच्या अंतरांत ३४ सेंटिमीटरचा फरक असेल तर एक मिलिसेकंद उशीर होतो आणि ५०० हर्ट्झच्या आसपास आवाजात खड्डा पडतो. गळा पोकळ वाटू लागला की आधी इथे बघा. सभागृहाचे माइक १५ मीटर लांब असतील तर उशीर ४४ मिलिसेकंदांचा. ते पुढे ओढून जुळवता येतं, पण पूर्ण जुळवलं तर सभागृहच नाहीसं होतं. थोडा उशीर राहू द्यावा, नाहीतर तीन हजारांच्या जवळ माणसं बसलेली ती वास्तू ऐकूच येत नाही.

गाण्यांच्या मधलं बोलणं, तारा लावणं, खोकला कापू नये. यंग तारा लावताना बोलतो आणि तेवढ्यात सभागृह त्याच्या जवळ येतं. ‘ओल्ड मॅन’ त्याने कॅलिफोर्नियात घेतलेल्या रँचवरच्या म्हाताऱ्या राखणदारावरून सुचलेलं गाणं. तेच गाणं १९७०च्या नोव्हेंबर-डिसेंबरमधल्या वॉशिंग्टनच्या सेलर डोअर या क्लबमधल्या ध्वनिमुद्रणात मिळतं, मग मॅसी हॉलमध्ये, मग तीनच दिवसांनी २२ जानेवारीला कनेक्टिकटच्या स्ट्रॅटफर्डला. ही मैफल २०२१मध्ये प्रकाशित झाली. शेवटी नॅशव्हिलची प्रत, जिच्यात जेम्स टेलरचा बँजो आहे. आता हे चारही तुकडे ओळीने लावतो. लक्ष शब्दांकडे नको. दोन कडव्यांमध्ये तो गिटारला किती जागा देतो, तेवढंच मोजा.