पावसाआधीची डिश

(दृश्य : सडा, मागे समुद्र. कलमांमधून दिसणारं कौलारू घर.)

देवगड तालुका. मे संपत आलाय. कलमांवर शेवटचा आंबा, आणि गावात एकच लगबग, पाऊस यायच्या आत कामं उरकायची. घर शाकारून झालं, लाकडं पडवीत रचून झाली, सुकी मासळी डब्यात गेली. या बेगमीत आणखी एक काम हवंच, असं आमचं ठाम मत झालंय. ते काम उभं आहे खळ्याच्या कडेला, लोखंडी खांबावर.

(दृश्य : डिश, अगदी जवळून. काठाला धरलेला गंज.)

ही दूरदर्शनची फ्री डिश. महिन्याचा हप्ता नाही, रिचार्ज नाही. १६ डिसेंबर २००४ रोजी ही सेवा डीडी डायरेक्ट प्लस या नावानं सुरू झाली. आज तिचे चॅनेल येतात जीसॅट-१५ वरून. तीन टनांहून जड असा हा इस्रोचा उपग्रह ११ नोव्हेंबर २०१५ रोजी फ्रेंच गयानातल्या कुरूहून एरियन-५ रॉकेटनं वर गेला. विषुववृत्तावर, ९३.५ अंश पूर्व रेखांशाशी, सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर तो आहे. पृथ्वीच्याच चालीनं फिरतो, म्हणून इथून पाहणाऱ्याला जागचा हलत नाही.

कोकणात कुठल्याही गावात बघा, डिशची पाठ समुद्राकडे आणि तोंड घाटाकडे. देवगडहून जीसॅट-१५ ची दिशा उत्तरेपासून मोजली तर साधारण १२८ अंश, म्हणजे आग्नेयेच्या किंचित पूर्वेला. आणि उंची क्षितिजापासून जवळजवळ ६० अंश.

साठ! डिशकडे बघून हे पटत नाही. ती तर समोरच्या फणसाकडे बघतेय असं वाटतं. पण या डिशचा आकार असा केलेला असतो, की ती दिसते त्यापेक्षा वीस-पंचवीस अंश वर बघते. म्हणून आड येणारं झाड शोधताना माणसं नेमकी चुकतात. समोरचा फणस निर्दोष असतो. दोषी असतो तो अंगावर आलेला माड. माडाचा शेंडा डिशपेक्षा १५ मीटर उंच असेल, तर त्याच दिशेला नऊ मीटरांच्या आत तो आडवा येणारच. डिश बसवली तेव्हा हा माड कमरेएवढा होता.

(दृश्य : भाचा खांबाला ओळंबा लावतो.)

या घरातल्या मामींचा भाचा डिशला हात लावायच्या आधी ओळंबा काढतो, गवंड्याचा असतो तोच. खांब कलला असेल तर डिश बाजूला फिरवताना तिची उंचीही बदलत जाते, आणि मग दिवसभर फिरवत बसा. खांब सरळ. आता होकायंत्र. मोबाइलमधलं चालतं, पण लोखंडापासून चार पावलं लांब उभं राहून बघायचं, नाहीतर खांब आणि पत्रे त्याला फसवतात.

नट सैल केले. सुटे नाही, सैल. आता आतबाहेर आरोळ्या.

"मामी, इलो काय गे?"

"नाय रे!"

"आता?"

"इलो, इलो! ...गेलो."

(दृश्य : टीव्हीचा पडदा. दोन पट्ट्या.)

पडद्यावर दोन पट्ट्या आहेत, त्या नीट बघा. वरची स्ट्रेंग्थ, खालची क्वालिटी. वरची भरलेली दिसली की लोक खूश होतात. पण केबल आणि एलएनबी (डिशसमोर दांड्यावर बसवलेला, लहरी पकडणारा डबा) शाबूत असले, तर डिश भलतीकडे असतानाही ती बऱ्यापैकी भरते. आपला उपग्रह सापडलाय की नाही, हे सांगते खालची. मामींना भाच्यानं एवढंच शिकवलंय, फक्त खालचा आकडा ओरडून सांगायचा.

एक्केचाळीस. चित्र स्वच्छ. कितीतरी घरांत काम इथंच थांबतं, आणि आमचा सगळा जीव इथंच अडकलाय. पूर्वी सिग्नल कमी झाला की पडद्यावर मुंग्या यायच्या, कळायचं. डिजिटलमध्ये तसं नाही. काठावरचा सिग्नलही चित्र अगदी लख्ख दाखवतो, आणि थोडा उतरला की आधी चौकडे, मग काळोख. मे महिन्याच्या उन्हात चित्र छान आहे, यावरून डिश नीट लागलीय असं मुळीच ठरत नाही.

(दृश्य : डिशचा काठ, त्यावर भाच्याची बोटं.)

ही डिश ६० सेंटीमीटरची. तिचा काठ अर्धा सेंटीमीटर सरकला की नजर एक अंशानं फिरते, आणि तो एक अंश उपग्रहापाशी ६०० किलोमीटरांहून जास्त होतो. म्हणून भाचा डिश ढकलत नाही, काठाला नुसता अंगठ्यानं रेटा देतो आणि थांबतो. टीव्हीजवळच्या सेट-टॉप बॉक्सला आकडा बदलायला दोन-तीन सेकंद लागतात. डावीकडे नेत नेत आकडा उतरू लागला, तिथं खांबावर खडूची खूण. उजवीकडे तसंच, दुसरी खूण. दोन खुणांच्या मधोमध डिश आणायची. मग हाच खेळ वर-खाली.

त्रेसष्ट.

आता एलएनबी त्याच्या पकडीत हळूहळू फिरवायचा. उपग्रह आपल्या बराच पूर्वेला, त्यामुळे त्याच्या लहरी आपल्यापर्यंत तिरक्या पोचतात, एलएनबीलाही तेवढंच तिरकं व्हावं लागतं. हे बहुतेक जण करतच नाहीत.

"एकाहत्तर!" मामी.

(दृश्य : उघडलेला कनेक्टर.)

बॉक्स बंद करून कनेक्टर उघडला. तांब्याच्या तारेवर हिरवा कळंक. खारं वारं आणि पाणी, दुसरं काही नाही. तेवढा तुकडा कापला, नवा कनेक्टर, वरून टेप. केबल आत शिरण्याआधी खाली झोळ दिला, म्हणजे पाणी झोळावरून गळून जातं, कनेक्टरात शिरत नाही. चौऱ्याहत्तर.

सिंधुदुर्गात वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि या लहरी पावणेतीन सेंटीमीटरच्या, थेंबांत अडकणाऱ्या. मुसळधारेत चित्र जाणारच, पण एक्केचाळीसवालं आधी जातं आणि उशिरा येतं. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ आलं, तेव्हा या घरातला टीव्ही आदल्या संध्याकाळीच गप्प झाला होता.

(दृश्य : मामी, पडवीत एकट्या. टीव्हीवर डीडी सह्याद्री.)

(दृश्य : भाचा नट आवळतो.)

नट आवळतानाही डिश सरकते. म्हणून एक पूर्ण आवळून मग दुसरा असं नाही, थोडा हा, थोडा तो, आणि आतून आकडा चालूच. चौऱ्याहत्तर. चौऱ्याहत्तर. त्र्याहत्तर, एक अंगठा मागे, चौऱ्याहत्तर.

शेवटी लाल ऑइलपेंट. पकडीवरून खाली खांबापर्यंत एक सरळ रेघ. वानरं या कलमांत रोज असतात, डिशवर एखादं बसणारच. तेव्हा पट्ट्या बघायच्या आधी मामींनी ही रेघ बघायची. तुटली असेल, तर जुळवायची.