गोटा की स्लॅब?

मुठीत मावेल एवढा गोटा. कडा झिजलेल्या, पाठ गुळगुळीत, अंगात लाल-काळे खडे रुतलेले. नदीपात्रात सापडला तर कुणीही पिंडाश्म म्हणेल, म्हणजे गोटे निसर्गतःच एकत्र घट्ट होऊन झालेला खडक. आम्हीही म्हटलं होतं.

आता भिंगाखाली धरू. खड्यांच्या मधल्या करड्या भागात ही बारीक गोल भोकं दिसतायत? हे हवेचे बुडबुडे. काँक्रीटचा माल कालवताना आत अडकले आणि सिमेंट आवळलं तसे तिथेच राहिले. पिंडाश्मातही पोकळ्या असतात, पण वेड्यावाकड्या.

व्हिनेगरचा थेंब टाका, फसफसलं की काँक्रीट, असं बरेच जण छातीठोकपणे सांगतात. फसफसतं खरं. पण चुनखडकही फसफसतो, त्याचं काय?

त्यापेक्षा हे बघा. डोळ्यांवर चष्मा, हातोड्याचा एक घाव, आणि ताज्या फुटलेल्या बाजूवर फिनॉल्फ्थॅलीनचा, म्हणजे अल्कली भेटली की गुलाबी होणाऱ्या द्रवाचा फवारा.

(निवेदन थांबते. रंग चढू द्यावा.)

सिमेंट पाण्याबरोबर घट्ट होताना कॅल्शियम हायड्रॉक्साइड तयार होतं, म्हणून काँक्रीटच्या पोटात सामू (pH) १२ च्याही वर, म्हणजे तीव्र अल्कलीचा असतो. त्याचा हा गडद गुलाबी. कडेची पट्टी मात्र कोरीच राहिली. तिथे हवेतला कार्बन डायऑक्साइड पोचला आणि त्या चुन्याचं कॅल्शियम कार्बोनेट झालं, सामू उतरला. तुकडा फार जुना, सच्छिद्र असेल तर हे आतपर्यंत होतं आणि रंग येतच नाही. मग पुन्हा भिंग.

हा दुसरा. यातली खडी क्रशरची: टोकदार, एकाच जातीच्या दगडाची, चाळणीतून काढलेल्या मापाची. एक बाजू सपाट आणि तिच्यावर लाकडाच्या रेषा, सेंट्रिंगच्या फळीचा ठसा. शेजारी ही गंजकी, अर्धगोल खाच. इथून सळई गेली होती. याला ना भिंग लागतं, ना फवारा.

काठावर टाकलेल्या राडारोड्याने पात्र अरुंद होतं, पुराचं पाणी चढतं.

पुन्हा पहिल्या तुकड्याकडे. यातले खडे फोडलेले नाहीत, घासून गुळगुळीत झालेले आहेत. आम्ही फसलो ते त्यांच्यामुळेच. कुठल्या तरी नदीने ते घडवले. मग ते उपसले, सिमेंटमध्ये कालवले, त्यांचा स्लॅब झाला. स्लॅब पाडला.

आणि हा डंपर. मागचा फाळका आत्ता उघडतोय.